स्प्रिंग ट्रेनिंगमधला .४१२ खरा मानायचा का?

ओलितवाला (दारव्हा)

नमस्कार मंडळी. आउट ऑफ द पार्क बेसबॉल या टीम चालवायच्या कॉम्प्युटर गेमवर आमची आठ मित्रांची लीग तिसऱ्या हंगामात आली आहे. बाकीच्या बावीस टीम कॉम्प्युटर चालवतो. रविवारी रात्रीपर्यंत २६ जणांचा रोस्टर कमिशनरकडे द्यायचा आहे आणि माझं घोडं लेफ्ट फील्डवर अडलंय.

एक पोरगा आहे, २२ वर्षांचा, मागच्या हंगामात डबल-ए या खालच्या (मायनर) लीगमध्ये खेळलेला. स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यांत, ५१ अ‍ॅट-बॅट, २१ हिट, ६ होमरन. हिटला अ‍ॅट-बॅटने भागलं की अ‍ॅव्हरेज .४१२. दुसरा माझा जुना गडी, वय ३४, आठ हंगाम वर काढलेला, कारकिर्दीचा अ‍ॅव्हरेज .२६८. त्याचे यंदा ४४ मध्ये ८ हिट, म्हणजे .१८२.

सध्या गव्हाला रात्रीची लाईन असते. मोटार चालू करून धुऱ्यावर बसलो की हेच डोक्यात फिरतं. पोराचे सहाही होमरन मी बघितले आहेत, त्यामुळे त्याला खाली पाठवायला हात धजत नाही. पण मागच्या हंगामात असाच एक .३९० वाला घेतला होता आणि मे महिन्यात .१७० वर येऊन बसला. त्या दोन महिन्यांत आम्ही जे सामने घालवले ते शेवटपर्यंत भरून निघाले नाहीत.

स्प्रिंगच्या आकड्यांतलं काय धरायचं आणि काय सोडायचं?

कापूसपट्टा

पोट्ट्याले घे भाऊ. .४१२ वाल्याले घरी बसवते का कोणी?

दर्यापूरचे मास्तर

थोडं गणित मांडतो, कंटाळा करू नका.

समजा या पोराची खरी ताकद .२६५ आहे. ५१ अ‍ॅट-बॅटमध्ये त्याचे साडेतेरा हिट अपेक्षित. पण नशिबाने वरखाली होणार. किती? ५१ गुणिले .२६५ गुणिले .७३५, त्याचं वर्गमूळ. साधारण ३.१५. म्हणजे काहीही वेगळं न घडता तो १० हिटही मारू शकतो आणि १७ही. अ‍ॅव्हरेजमध्ये सांगायचं तर .१९६ ते .३३३. माणूस तोच, ताकद तीच. पूर्ण हंगामात ५०० अ‍ॅट-बॅट झाले की हेच वरखाली वीस पॉइंटवर (.०२०) येतं.

आता २१ हिट. .२६५ वाल्याकडून असं शंभरात एक-दोनदा घडेल. तुम्ही म्हणाल, मग हा नक्कीच .२६५ वाला नाही. थांबा. तीस टीम, प्रत्येकीत बाराएक बॅटर नियमित खेळतात. साडेतीनशेच्या वर माणसं झाली. त्यांतल्या चार-पाच जणांना असा महिना लागणारच, आणि यादीच्या वरच्या टोकाला तेच दिसणार. तुम्ही यादी वरून वाचायला सुरुवात केली, म्हणून तो तुम्हाला दिसला.

जिद्दी बॅटर (वणी)

मास्तर, आदर ठेवून सांगतो, गणिताने सगळी पोरं खालीच राहतील. २००१ मध्ये अल्बर्ट पुजोल्स स्प्रिंग ट्रेनिंगला आला तेव्हा त्याच्या मागे मायनर लीगचा जेमतेम एक हंगाम होता. स्प्रिंगमध्ये असा खेळला की कार्डिनल्सना त्याला ठेवावंच लागलं. त्या वर्षी .३२९, ३७ होमरन, १३० आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या धावा) आणि रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवोदित. कोणी ५१ अ‍ॅट-बॅटचं वर्गमूळ काढत बसलं असतं तर?

आणि आपल्या घरचं उदाहरण घ्या. २०१७-१८ च्या रणजीआधी विदर्भाला कोण धरत होतं? इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीसमोर गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली आणि पहिल्यांदा करंडक आपल्याकडे आला. नव्या माणसावर विश्वास टाकावा लागतो.

दर्यापूरचे मास्तर

गुरबानीची हॅट्ट्रिक मीही शाळेतल्या पोरांसोबत मोबाईलवर बघितली, अंगावर काटा आला होता. पण ती सराव सामन्यातली नव्हती हो. सामन्यात समोरचाही जिंकायलाच खेळत असतो.

धानाची बांधी (साकोली)

पुजोल्स सगळ्यांना आठवतो. जेक फॉक्स कोणाला आठवतो? २०११ च्या स्प्रिंगमध्ये ओरिओल्सकडून १० होमरन, सगळ्यांत जास्त. हंगामात मारले २. जॅकी ब्रॅडली ज्युनियर, २०१३, रेड सॉक्स. स्प्रिंगमध्ये .४१९, म्हणजे ओलितवाला भाऊंच्या पोराच्याही वर. हंगामात ३७ सामने आणि .१८९. पुढे तो चांगला खेळाडू झाला ही गोष्ट खरी, पण त्या एप्रिलमध्ये तो तयार नव्हता.

चेंडूफळी

मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकताना सॉफ्टबॉल खेळलो. एक गोष्ट तिथे कळली. सराव सामन्यात आमचा पहिला पिचर पाच-सहा बॅटरनंतर बाहेर बसायचा. मग ज्युनियर पोरं बॉल टाकायची, सरळ, छातीच्या उंचीवर. मी त्यांना धुवायचो आणि घरी जाऊन सांगायचो आज चार हिट मारले.

स्प्रिंगमध्येही तेच असतं. पाचव्या इनिंगनंतर मुख्य खेळाडू आंघोळीला जातात आणि मायनरचे पोरं येतात. तेव्हा ओलितवाला भाऊ, बॉक्स स्कोअर उघडून बघा, ते सहा होमरन कोणाविरुद्ध आहेत. आणि तुमची टीम कॅक्टस लीगमध्ये असेल तर अ‍ॅरिझोनाची हवा आपल्या मार्चातल्या अकोल्यासारखी कोरडी. बॉल लांब जातो, कर्व्ह कमी वळतो. फ्लोरिडातल्या ग्रेपफ्रूट लीगमध्ये दमट असतं.

ओलितवाला (दारव्हा)

कॅक्टस लीगच. आत्ता बसून एकेक बघितले. सहापैकी चार होमरन सातव्या इनिंगनंतरचे. त्यांतले तीन ज्यांच्याविरुद्ध आहेत ते पिचर एव्हाना खाली पाठवलेही गेलेत. मी सहाही बघितले होते, पण बॉल कोण टाकतोय ते एकदाही बघितलं नव्हतं.

रात्रीचा इंजिनीअर (यवतमाळ)

इथे खरं बेसबॉल आणि आपला गेम यांतला एक फरक सांगणं गरजेचं आहे, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल.

खऱ्या स्प्रिंगमध्ये वाईट आकड्यांना कारणं असतात. पिचर नवा चेंडू शिकत असतो, मुद्दाम तोच तोच टाकतो, मार खातो. जुना बॅटर फक्त टायमिंग बसवत असतो. शोहेई ओहतानी २०१८ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा स्प्रिंगमध्ये ३२ मध्ये ४ हिट, .१२५. पिचिंगमध्ये पावणेतीन इनिंगही पूर्ण नाही आणि ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) २७. तेव्हा त्याला मायनरला पाठवा म्हणणारे कमी नव्हते. हंगामात .२८५, २२ होमरन, पिचर म्हणून ३.३१, आणि रुकी ऑफ द इयर.

गेममधला पिचर काही शिकत नसतो. तिथे प्रत्येक अ‍ॅट-बॅट खेळाडूच्या रेटिंगवरून आणि फाशावरून ठरतो. म्हणून जुन्या गड्याचा .१८२ ‘तो मन लावून खेळत नव्हता’ म्हणून माफ करू नका आणि पोराचा .४१२ ‘त्याला सूर गवसला’ म्हणून डोक्यावर घेऊ नका. गेममध्ये सूर गवसला असेल तर तो रेटिंगमध्ये दिसेल. स्प्रिंगच्या आधीचं आणि नंतरचं रेटिंग शेजारी ठेवा. आकडा हलला नसेल तर महिनाभरात नवं काहीच घडलेलं नाही.

एकच अडचण. स्काउटिंगची (खेळाडू जोखणाऱ्यांची) अचूकता पूर्ण ठेवलेली नसेल तर दिसणारं रेटिंग हा तुमच्या स्काउटचा अंदाज असतो. तेव्हा खेळातल्या आकड्यांना थोडी किंमत येते. थोडीच.

कापूसपट्टा

म्हंजे गेम आपल्याले अर्धं लपवूनच दाखोते. हे मले आतापर्यंत कोणी सांगितलंच नाई बाप्पा.

सोयाबीनवाली ताई (चिखली)

मी बेसबॉल खेळत नाही, माझा मुलगा खेळतो, त्याच्यामुळे हा धागा वाचला. पण जे चाललंय ते मला फार जवळचं वाटलं, म्हणून लिहिते.

आम्ही सोयाबीनचं बियाणं घरचंच ठेवतो. पेरणीआधी उगवण तपासायची रीत अशी: १०० दाणे मोजायचे, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं. सात-आठ दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. ७० च्या वर आले तर नेहमीप्रमाणे एकरी ३० किलो. कमी आले तर बियाणं वाढवायचं.

एका वर्षी घाई होती. मृग लागला होता, शेजारी पेरून मोकळे झाले होते. मी शंभर काही मांडले नाहीत. पोत्याच्या तोंडाशी हात घालून दहा दाणे काढले आणि वाटीत ओल्या फडक्यात ठेवले. आठ निघाले. मी म्हटलं, ऐंशी टक्के, उत्तम. पेरलं. शेतात निम्मंही उगवलं नाही. तासामागून तास रिकामी. पोत्याच्या तळाला ओल लागून दाणा खराब झाला होता, आणि मी बघितला होता फक्त वरचा. दुबार पेरणी केली, त्या वर्षी दागिना मोडला.

ते आठ कोंब खोटे नव्हते. पण दहांतले आठ होते, आणि वरच्यावरचे होते.

दर्यापूरचे मास्तर

ताई, मी वर्गात महिनाभर जे शिकवतो ते तुम्ही एका वाटीत सांगितलंत. तुमची परवानगी असेल तर पोरांना सांगेन.

सोयाबीनवाली ताई (चिखली)

जरूर सांगा. आणि प्रत्येकाला घरी शंभर दाणे मांडायलाही सांगा.

पूर्णाकाठ

आमच्याकडे जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती धान्यं मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे ती बघून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. लांबून लोक येतात. माझे आजोबा दरवर्षी जायचे, हात जोडून ऐकायचे. पण तिफण काढायचे ती ओल बघूनच. मातीत बोट घालायचे, दुसऱ्या पेराच्या वर ओल लागली पाहिजे. कृषी विद्यापीठही तेच सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. भाकीत ऐकायला आजोबांनी कधी कमी केलं नाही आणि पहिल्या सरीवर कधी पेरलं नाही. स्प्रिंगचा मजा घ्या, रोस्टर ओल बघून करा.

चेंडूफळी

मुद्द्यावर या मंडळी. ओलितवाला भाऊ, तुम्ही हिट सांगितले, होमरन सांगितले. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) आणि वॉक (चार वाईट बॉल सोडून मिळालेला फुकट बेस) किती? दोघांचे सांगा. ते सगळ्यांत आधी स्थिर होतात. बॅटरचा स्ट्राइकआउटचा दर साठेक वेळा प्लेटवर आल्यानंतरच काहीतरी बोलायला लागतो. अ‍ॅव्हरेजला पूर्ण हंगामही अपुरा पडतो.

ओलितवाला (दारव्हा)

पोरगा: १९ स्ट्राइकआउट, २ वॉक.
जुना गडी: ५ स्ट्राइकआउट, ७ वॉक, १ होमरन.

लिहितानाच काहीतरी खटकलं.

दर्यापूरचे मास्तर

खटकायलाच हवं. पोरगा ५३ वेळा प्लेटवर आला आणि १९ वेळा स्ट्राइकआउट झाला. दर तिसऱ्या वेळेपेक्षा जास्त, आणि तेही निम्म्या वेळा मायनरच्या पिचरविरुद्ध.

आता मैदानात पडलेल्या बॉलचं बघू. ५१ मधून १९ स्ट्राइकआउट आणि ६ होमरन काढा, उरले २६. त्यांत हिट १५. म्हणजे .५७७. साधारणपणे हा आकडा .३०० च्या आसपास असतो. त्याने मारलेले निम्म्याहून जास्त बॉल दोन फील्डरच्या मधून गेले.

जुन्याचं: ४४ मधून ५ आणि १ वजा, उरले ३८. हिट ७. म्हणजे .१८४. त्याने मारलेल्या पाचांतले चार बॉल कोणाच्या तरी ग्लोव्हमध्ये पडले. पण तो बॉल ओळखतोय. वाईट बॉल सोडतोय, चांगल्याला बॅट लावतोय. .१८२ मध्ये हे दिसतच नाही.

कापूसपट्टा

मी माहा सल्ला वापस घेतो.

रात्रीचा इंजिनीअर (यवतमाळ)

ज्यांना अजून पटत नसेल त्यांनी हे करून बघा. लीगच्या फाइलची प्रत काढा, मूळ फाइल बाजूला ठेवा. प्रतीत तीच स्प्रिंग पुन्हा पुन्हा चालवा. खऱ्या बेसबॉलमध्ये मार्च महिना दुसऱ्यांदा येत नाही, आपल्याला तो हवा तेवढ्या वेळा आणता येतो.

माझ्या टीममधल्या एका सेकंड बेसमनवर मी कालच केलं. दहा वेळा, दर वेळी ५१ अ‍ॅट-बॅट झाले की थांबलो. हिट आले ९, १०, १२, १२, १३, १४, १५, १६, १७, १९. म्हणजे .१७६ पासून .३७३ पर्यंत. रेटिंगला हात लावला नव्हता. पहिल्या वेळी .१७६ आलं असतं तर मी त्याला काढला असता आणि शेवटचं आलं असतं तर पहिल्या क्रमांकावर खेळवला असता.

धानाची बांधी (साकोली)

हे करताना लाईन गेली तर फाइल खराब होते, सांभाळून. माझा एक अख्खा एप्रिल असाच गेला. आता लॅपटॉपची बॅटरी भरल्याशिवाय मी दिवस पुढे ढकलत नाही.

कापूसपट्टा

आमच्याकडे तर लाईनीचं वेळापत्रक हप्त्या-हप्त्याले बदलते. रात्रीच्या पाळीत मी पाणी बदलून येतो, तवर गेम पंधरा दिवस पुढं गेलेला असते.

जिद्दी बॅटर (वणी)

स्ट्राइकआउटचा आकडा बघितल्यावर या पोराबद्दल मी मागे हटतो. पण पुजोल्सचा मुद्दा सोडत नाही, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे. ज्याच्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही, त्याच्या ५१ अ‍ॅट-बॅटचं वजन जास्त. ज्याचे आठ हंगाम समोर आहेत, त्याच्या ४४ अ‍ॅट-बॅटने तुमचं मत तसूभरही हलू नये. दोघांना एकच तराजू लावू नका.

दर्यापूरचे मास्तर

हे शंभर टक्के मान्य. मी हे आधीच सांगायला हवं होतं.

रात्रीचा इंजिनीअर (यवतमाळ)

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जी अजून कोणी काढली नाही. चांगला कोण, यापेक्षा चूक झाली तर कोणती दुरुस्त करता येईल ते बघा.

पोराचे तिन्ही ऑप्शन (खाली पाठवायच्या मुभेची वर्षं) शिल्लक असतील. त्याला आज ट्रिपल-ए ला (मायनरची सगळ्यांत वरची पायरी) पाठवलं आणि चूक ठरली तर पुढच्या महिन्यात वर बोलावता येतं. जुन्याचं तसं नाही. त्याची पाच वर्षांहून जास्त सेवा झालेली, तो खाली जायला नकार देऊ शकतो. शिवाय वेव्हरवर टाकावं लागेल, म्हणजे इतर टीमना तो घ्यायची मुभा, आणि कोणीतरी उचलेल. तो एकदा गेला की गेला. .१८२ वर चिडून तुम्ही जी चूक कराल ती परत फिरवता येणार नाही.

धानाची बांधी (साकोली)

आणि पोराला थोडे दिवस खाली ठेवलं तर त्याच्यावरचा ताबा एक वर्ष वाढतो. सेवेचं पूर्ण वर्ष १७२ दिवसांचं, त्याहून कमी भरले तर ते वर्ष पूर्ण धरत नाहीत. २०१५ मध्ये कब्सनी क्रिस ब्रायंटला ९ स्प्रिंग होमरननंतरही खाली ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं.

जिद्दी बॅटर (वणी)

हे मला कधीच पटलं नाही आणि पटणार नाही. ब्रायंट तयार होता, रुकी ऑफ द इयर झाला. तयार असलेल्या माणसाला दिवस मोजून थांबवायचं हा त्याच्या मेहनतीवर अन्याय आहे. गेम असला तरी मी माझ्या टीममध्ये असं करत नाही. ओलितवाला भाऊ, पोराला खाली पाठवायचं तर १९ स्ट्राइकआउटसाठी पाठवा.

ओलितवाला (दारव्हा)

जिद्दीभाऊ, त्याच कारणासाठी पाठवतोय. रेटिंग काढून बघितलं. २० ते ८० च्या मापात ताकद ६०, पण स्ट्राइकआउट टाळण्याचं ३५. फेब्रुवारीत होतं तेवढंच, एका आकड्यानेही हललेलं नाही. रोस्टर दिला. जुना गडी लेफ्ट फील्डला, पोरगा ट्रिपल-ए मध्ये, रोज पूर्ण सामना खेळणार. ताईंचे दहा दाणे डोक्यातून जात नाहीत.

ओलितवाला (दारव्हा)

धागा वर काढतोय, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिला म्हणून कळवायला हवं. गेममध्ये २० मे उजाडला आहे. जुना गडी .२६१ वर आहे, वॉक भरपूर. पोराने ट्रिपल-ए मध्ये पहिल्या तीन आठवड्यांत अक्षरशः हवा मारली. मग हळूहळू स्ट्राइकआउट उतरले, ३५ चं ४० झालं. परवा माझ्या राइट फील्डरच्या मांडीचा स्नायू दुखावला, म्हणून पोराला वर बोलावलं.

काल पहिला सामना. तीन स्ट्राइकआउट. हिट नाही. एक वॉक.

चेंडूफळी

वॉक किती बॉलांत?

ओलितवाला (दारव्हा)

नऊ. दोन स्ट्राइक आधीच झाले होते. तीन बॉल फाउल केले आणि शेवटचा स्लायडर खाली, बाहेर पडला, तो त्याने सोडला.